सदरहू जनावर

साल एकोणीसशे त्र्याऐंशी. पक्कं आठवतं, कारण त्या संक्रांतीला आमच्या घरी मिक्सर यायचा होता आणि आली दुर्बीण.

आमचे हे, म्हणजे बद्रीनाथ, सरकारी कचेरीत नकाशे काढायला होते. दिवसभर डोळ्याला भिंग चिकटवून रेघा बघणारा माणूस, त्यानं संध्याकाळी तरी डोळे मिटून बसावं. पण कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं की पक्षी बघितल्यानं डोळ्यांना आराम पडतो. झालं. दुर्बीण आली आणि पाटा-वरवंटा जागच्या जागी राहिला. सिडकोतल्या आमच्या गॅलरीतून पहिल्या आठवड्यात ह्यांना तीन कावळे, दोन साळुंक्या आणि समोरच्या गच्चीवरचे आवडाबाईंचे पापड एवढं वन्यजीवन दिसलं. आवडाबाई तरातरा जिना चढून आल्या. म्हणाल्या, "द्वारकाबाई, मालकांना सांगा, माझ्या वाळवणावर नजरच ठेवायची असेल तर गच्चीवर येऊन ठेवा. कावळे तरी हाकलले जातील."

त्याच महिन्यात गावात 'निसर्ग निरीक्षण व नोंद मंडळ' निघालं. गावाचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब. मूळचे कन्नड तालुक्यातले, घरची मोठी शेती, पण हयात गेली महसूल खात्यात. निजामाच्या अमलात उमेदवार कारकून म्हणून चिकटले आणि पोलीस ॲक्शन झाल्यावर नव्या सरकारात तसेच पुढं चालू राहिले. सरकार बदललं, दौत तीच राहिली, असं ते अभिमानानं सांगत. मंडळाला अकरा सभासद हवे होते आणि गोळा झाले दहा, म्हणून अकरावी मी. माझ्याकडून निसर्गाची कुणाला अपेक्षा नव्हती. धपाट्यांची होती.

आता मंडळाच्या नोंदवहीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यातच आहे. दुसऱ्या गावची पक्षी बघणारी माणसं म्हणे एका ओळीत पक्ष्याचं नाव आणि तारीख लिहून मोकळी होतात. काकासाहेबांना हे पटणं शक्यच नव्हतं. आमच्याकडं प्रत्येक पाखराचा रीतसर मौका-पंचनामा होई. एक नमुना मला अजून तोंडपाठ आहे: "सदरहू खंड्या तळ्याकाठच्या बाभळीवर पूर्वेस तोंड करून बसलेला असून त्याने आम्हा पंचांसमक्ष एक मासा गिळला. माशाचे बयान घेता आले नाही. सबब पंचनामा लिहून दिला असे." खाली सह्या. नियम तीन. एक, दोन पंचांनी पाहिल्याशिवाय जनावर खरं नाही. दोन, लिहिलेल्यावर खाडाखोड नाही; दुरुस्ती करायची तर त्या पंचनाम्यावर सह्या करणाऱ्या सगळ्या पंचांनी पुन्हा सह्या करायच्या. आणि तीन, ज्यानं प्रथम पाहिलं त्याचं नाव शिरोभागी तांबड्या शाईनं.

त्या तांबड्या शाईनं माझं डोकं फिरवलं. वर्ष सरत आलं, दहाच्या दहा जणांची नावं तांबडी झाली. औषधाच्या दुकानातल्या पुंजारामाचं तर सहा वेळा झालं, आणि त्याला घार आणि गिधाड यांतला फरक दुकानात बसल्यावरच आठवायचा. माझं एकदाही नाही. म्हणजे मला दिसत नव्हतं असं नाही. भारद्वाज मीच आधी बघितला, पण "तो बघा" असं म्हणेपर्यंत ह्यांनी दुर्बीण लावून "भारद्वाज!" अशी आरोळी ठोकली. नाव ह्यांचं. मी धपाट्याचा डबा उघडला.

डिसेंबरात मंडळ कन्नडच्या अलीकडच्या एका माळावर गेलं. गवतावरून खालून खालून उडणारा भोवत्या नावाचा शिकारी पक्षी थंडीत तिकडं येतो, त्याच्या नोंदीसाठी. एस्टीनं फाट्यावर उतरायचं आणि तासभर चालायचं. दहा पुरुष आणि एक बाई असा तांडा उघड्या माळावर निघाला की बाईच्या अडचणी काय असतात ते मी लिहीत बसत नाही. पुरुष सगळे आकाशाकडं बघत असताना मी तरवडाच्या झुडपांची एक दाट रांग हेरली आणि बरीच लांब, तिच्यापलीकडं गेले.

उठून लुगडं सारखं करते तोच समोर वीस पावलांवर ते उभं होतं. उंच पाय, मातकट अंग, शेपूट खाली सोडलेलं, डोळे पिवळे. पहिल्यांदा मलाही कुत्रंच वाटलं. पण कुत्रं माणसाकडं बघतं तेव्हा काहीतरी मागत तरी असतं, नाहीतर शिव्या तरी देत असतं. ह्याला माझ्याकडून काही म्हणजे काही नको होतं. एखाद्या साहेबानं कचेरीत नुसतं फिरून जावं तसं त्यानं मला बघितलं आणि वळून निघून गेलं.

मी धावत आले. "लांडगा! मी लांडगा बघितला!"

काकासाहेबांनी वही उघडली. त्यांच्या नमुन्यात एक रकाना होता: 'मौक्यावर हजर असण्याचे कारण'. दौत दगडावर टेकवून त्यांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही तिथं एकट्या कशासाठी गेला होता?"

दहा जण माझ्याकडं बघत होते.

"फुलं बघायला," मी म्हटलं.

"कुठली?"

"तरवडाची."

"ती तर इथंही आहेत की," पुंजाराम म्हणाला. मेल्याला फुलं तेवढी ओळखता आली.

काकासाहेबांनी रकाना तसाच रिकामा सोडला आणि पुढं विचारलं, "दुसरं कुणी पाहिलं?" मी ह्यांच्याकडं बघितलं. निदान माझी बायको खोटं बोलत नाही एवढं तरी म्हणावं! हे दुर्बिणीची काच पुसत म्हणाले, "अगं, कुत्रं असेल."

वहीत शेरा पडला: 'साक्षीअभावी नामंजूर'.

त्यानंतर आठ दिवस मी घरात कामापुरतंच बोलले. ह्यांच्या ते पाचव्या दिवशी लक्षात आलं. आवडाबाईंना मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "चूक तुमचीच आहे. लांडगा दिसला तर वाघ सांगायचा असतो. माणसं दोन पायऱ्या खाली उतरूनच विश्वास ठेवतात. तुम्ही वाघ म्हणाला असतात तर घासाघीस करून लांडग्यावर आले असते. तुम्ही लांडगा म्हणालात, ते कुत्र्यावर आले. मांजरावर नाही गेले हे नशीब समजा." खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी सुचवलं की मी जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करावा. कशाबद्दल, ते त्यांना सांगता आलं नाही, पण अर्जाला दोन प्रती हव्यात हे मात्र त्यांनी बजावलं.

मी अर्ज केला नाही. पुढच्या बैठकीत एवढंच जाहीर केलं की त्या माळावर मंडळ पुन्हा गेल्याशिवाय धपाटे होणार नाहीत. ठराव एकमतानं मंजूर झाला. वहीत त्याचं नाव 'फेरचौकशी'.

नाताळच्या सुटीतल्या रविवारी आम्ही अकराही जण पुन्हा फाट्यावर उतरलो. माळावर एक बाई मेंढरं चारत होती, सुगंधाबाई. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, खांद्यावर काठी. बरोबर तीन कुत्री, आणि ती आम्हांला बघून मन लावून भुंकत होती.

काकासाहेब म्हणाले, "बाई, ही कुत्री जरा बांधून ठेवा. वन्यजीवनास अडथळा होतो."

"आवो, कुत्री बांधल्यावर मेंढरं कोण राखीन?"

"आम्ही अकरा जण आहोत की!"

सुगंधाबाईनं आम्हां अकरा जणांना एकेक करून नीट बघितलं. पुंजारामाच्या डोक्यावरची पिवळी टोपी, ह्यांच्या गळ्यातली दुर्बीण, काकासाहेबांच्या बगलेतली वही. मग तिनं तोंडाला पदर लावला. "नाय बाप्पा," ती म्हणाली. "हितं लांडगं हायेत. लई हायेत."

"ऐका!" मी ओरडले.

"ऐकीव माहिती," काकासाहेब म्हणाले. "प्रत्यक्ष पाहायला हवं."

आणि इथं मला माझा गुन्हा कबूल केला पाहिजे. तिला गळ मीच घातली. कुत्री भुंकत राहिली तर माझा लांडगा यायचा नाही, आणि मला त्या दिवशी तांबड्या शाईशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. मी तिचा हात धरला, तिला दोन धपाटे दिले, म्हटलं, "बांधा हो बाई, घडीभर." तिनं माझ्या तोंडाकडं बघून कुत्री बाभळीला बांधली.

अर्धा तास आम्ही बांधाआड बसलो. मग ओढ्याच्या कडेनं ते आलं. उन्हात, उघड्यावर, सावकाश. अकराच्या अकरा जणांनी बघितलं.

"तेच!" मी कुजबुजले.

ह्यांनी दुर्बीण लावली. बराच वेळ लावली. "कुत्रा," हे म्हणाले.

"अल्सेशियन," पुंजाराम म्हणाला. "कुणातरी साहेबाचा सुटला असेल."

"इथं माळावर कुठला आलाय साहेब?" मी म्हटलं.

काकासाहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि वही उघडली. "वहिनी, गेल्या खेपेस तुम्ही पाहिलेलं जनावर हेच का?"

"हेच."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: "सदरहू जनावर तेच असल्याचे बाईंनी कबूल केले. सर्व पंचांचे मते सदरहू जनावर कुत्रा आहे. कुत्रा, एक." मग सह्या सुरू झाल्या. दहा पंच, एक टाक. प्रत्येकानं हात पुसून, नावासकट, झोकदार सही करायची. मी सही नाकारली. सातव्या सहीच्या सुमारास सुगंधाबाई ओरडायला लागली.

"लांडगा! आवो, लांडगा आला! धावा!"

काकासाहेबांनी मान वर न करता हात दाखवला. "बाई, एक मिनिट. सह्या चालू आहेत."

बांधलेली कुत्री दोरीला हिसके देऊन गळा काढत होती. मेंढरं फुटली. मी धावले, पण तोवर सुगंधाबाईनंच दोऱ्या सोडल्या होत्या. कुत्री बाणासारखी सुटली आणि ओढ्यापलीकडं नुसता धुरळा झाला. सदरहू जनावरानं तोंडातलं कोकरू टाकलं आणि एकदाही मागं न बघता टेकडी ओलांडली. काकासाहेब त्या दिवशी धावले. पासष्टीचा माणूस, धोतर काट्यांत अडकतंय, हात ओरबाडतायत, पण ते कोकरू त्यांनीच उचलून आणलं. जिवंत होतं. मानेवर आणि मांडीवर दातांच्या खुणा होत्या, रक्त वाहत होतं.

सुगंधाबाईनं कोकराला हात लावला आणि मग आम्हांला बघितलं.

"अकरा जण व्हते ना तुम्ही? अकरा! माजं एक कुत्रं मोकळं असतं तं... आन् हे काय करू राहिले? लिहू राहिले? त्याला काय पत्र धाडू राहिले का?"

 मग ती माझ्याकडं वळली. "आन् तू गं बाई. तुला म्हाईत व्हतं."

तिनं एवढंच म्हटलं. मंडळाच्या वहीत माझ्याबद्दल लिहिलेलं एकमेव खरं वाक्य ते ठरलं असतं, पण ते काही कुणी लिहून घेतलं नाही.

रविवार. कन्नडचा गुरांचा दवाखाना बंद. मग ठरलं की कोकरू औरंगाबादला न्यायचं. सुगंधाबाईला कळप सोडून येता येईना. तिनं कोकरू काकासाहेबांच्या उपरण्यात बांधून माझ्याकडं दिलं. "माजी हाय ती. जित्ती आणून दे."

एस्टीच्या कंडक्टरनं कोकरू बघून आधी हाफ तिकीट की लगेज यावर विचार केला, मग म्हणाला, "मांडीवर असेल तर लेकरू, खाली ठेवलं तर लगेज." म्हणून ते ह्यांच्या मांडीवर आलं, आणि वेरूळच्या चढावर गाडी हिसका खाताच त्यानं दुर्बिणीच्या चामडी पेटीत आपली नोंद केली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच मला जरा बरं वाटलं.

गुरांच्या डॉक्टरनं दुसऱ्या दिवशी सकाळी जखमा धुतल्या, टाके घातले आणि केसपेपरवर लिहिलं: 'लांडग्याचा चावा'. मी कागदाची नक्कल मागितली. सही-शिक्क्यासह. काकासाहेबांचं तोंड उतरलं. आयुष्यभर ज्या शिक्क्याला मुजरा केला तोच आज त्यांच्या विरुद्ध गेला होता. तरी ते पुटपुटले, "वहीत कुत्रा आहे." डॉक्टरनं त्यांचे ओरबाडलेले हात बघितले. "कोकरू तुम्ही उचललंत? याच हातांनी? लाळेतून रेबीज व्हायचा, आत्ताच्या आत्ता माणसांच्या दवाखान्यात जा."

माणसांच्या दवाखान्यात मी काकासाहेबांबरोबर गेले. त्यांच्या मंडळी वारल्या होत्या, बरोबर जायला दुसरं कोण होतं? तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "कशानं चावलं होतं कोकराला?"

"कुत्रा," काकासाहेब ठामपणे म्हणाले.

"कुत्रं नजरेसमोर आहे? दहा दिवस लक्ष ठेवता येईल?"

"नाही."

"मग चौदा इंजेक्शनं. रोज एक. पोटात."

काकासाहेब काही वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. त्यांचा एक हात हळूच धोतराच्या गाठीवर गेला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बयानात दुरुस्ती आहे. सदरहू जनावर लांडगा होता."

मी मागं बाकावर बसले होते. पिशवीतून काढलेली शिक्क्याची नक्कल मी परत आत सरकवली. 

"लांडगा?" डॉक्टर उठूनच उभा राहिला. "अहो, मग तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही! चला, झोपा तिकडं."

चौदा दिवस मी त्यांना रिक्षानं नेलं-आणलं. सहाव्या दिवशी ते वही घेऊन आले आणि दवाखान्याच्या बाकावर, एका कुशीवर कलून, त्यांनी दुरुस्ती लिहिली: "सदरहू जनावर कुत्रा नसून लांडगा होते. प्रथम द्वारकाबाईंनी पाहिले." मूळ पंचनाम्यावरच्या राहिलेल्या सह्या त्याच दिवशी फाट्यावर एस्टीची वाट बघताना उरकल्या होत्या, त्यामुळं आता दहाही पंचांच्या सह्या हव्या होत्या. त्यांची स्वतःची पहिली. पुंजारामानं केली. आठवडाभरात नऊ झाल्या.

दहावी ह्यांची.

"मी जे पाहिलं ते पाहिलं," हे म्हणाले.

काकासाहेब म्हणाले, "बद्रीनाथ, अहो, सरकारी कागद आहे."

"कागद गुरांच्या डॉक्टरचा आहे. दुर्बीण माझी आहे."

झालं. नियम काकासाहेबांचाच. नऊ सह्यांनी दुरुस्ती होत नव्हती, आणि तांबडी शाई बाटलीत राहिली.

कोकरू तेवढे दिवस आमच्या गॅलरीत होतं. आवडाबाईंनी आधी सोसायटीकडं तक्रार केली आणि मग तक्रार मागं न घेताच रोज त्याला कोथिंबिरीच्या काड्या घालायला लागल्या. टाके निघाल्यावर आम्ही दोघं ते परत द्यायला माळावर गेलो. सुगंधाबाईनं कोकराचे पाय, मान, दात, सगळं तपासलं. तिनं पुढं धरलेल्या पाल्याला त्यानं तोंडही लावलं नाही.

"काय खाऊ घातलं हिला?"

"धपाटे," मी म्हटलं.

ती मोठ्यांदा हसली. मग विचारलं, "तुजं नाव लिहिलं का मंग वहीत?"

"नाही अजून. एक सही राहिली आहे."

"माजी घे ना. आंगठा देते. मी तं रोज बघते त्याला."

हे दुर्बिणीची पेटी उघडायला लागले. माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं की वर्षभर आम्ही माळोमाळ साक्षीदार शोधत फिरलो आणि जिनं सगळं बघितलं होतं तिला फक्त कुत्री बांधायला सांगितलं.

मंडळ पुढं तीन वर्षं चाललं आणि मोराची नोंद एक की पाच यावर फुटलं. काकासाहेब एक्याण्णव वर्षं जगले. रस्त्यात कुत्रं आडवं गेलं की त्यांचा हात आपोआप पोटावर जाई. जाण्याआधी त्यांनी वही माझ्याकडं पाठवली, वर चिठ्ठी: 'प्रकरण प्रलंबित'. पुंजारामानं दुकान विकलं आणि मुलाकडं नाशिकला गेला. पत्रात अजून लिहितो की तो अल्सेशियनच होता, सही त्यानं माझ्याकडं बघून केली. आवडाबाईंच्या सांगण्यात लांडगा दर वर्षी थोडा जवळ येत गेला. शेवटी शेवटी तो आमच्या जिन्यात होता. ते कोकरू मोठं झालं, चार वेळा व्यालं. सुगंधाबाई त्याला धपाटी म्हणायची. तिची मुलं बजाजनगरला कंपनीत लागली, मेंढरं विकली, आणि ती तिथं दुसऱ्या मजल्यावर राहून वारली. माळावर आता प्लॉटच्या खुणांचे पांढरे दगड आहेत. मिक्सर पंच्याऐंशी साली आला.

आणि हे. निवृत्त झाले, मोतीबिंदू झाला, दुर्बीण कपाटात गेली. दोन हजार एकोणीस साली, जायच्या आदल्या वर्षी, एका दुपारी गॅलरीत खुर्चीवर बसले होते. खालच्या रस्त्यावरून गल्लीतलं एक पिवळं कुत्रं चाललं होतं. हे वाकून बघत म्हणाले, "अगं, लांडगा बघ."

मी बघितलं. "कुत्रं आहे."

"नक्की?"

"नक्की."

कुत्रं वळणाआड जाईपर्यंत वाकून राहिले. मग म्हणाले, "ती वही आण."

मी आणली. पान उघडून बोटानं जागा दाखवली, पेन हातात दिलं. चष्मा सापडत नव्हता, आणि मला तो शोधत बसायचा नव्हता. तेवढ्यात ह्यांचं मन फिरलं असतं. ह्यांनी वही डोळ्यांशी नेली, बोट सोडून पेन सरकलं, आणि झोकदार सही समोरच्या पानावर पडली. पहिल्या फेरीच्या नोंदीत, 'मौक्यावर हजर असण्याचे कारण' या रकान्यात.

छत्तीस वर्षं तो रिकामा होता. खाडाखोडीला नियमात जागा नाही, म्हणून मी तसंच राहू दिलं.